फळीवरची वाटी

१२ जुलै २०२५, शनिवार

आधी एक चूक दुरुस्त करते. ९ तारखेला मी या वहीत लिहिलं आहे की मायने माझ्या वाढदिवसाचा शिरा करून मला दिला. तसं झालं नाही. मायने शिरा केला, पितळेच्या लहान वाटीत काढला, वर तुळशीचं पान ठेवलं, वाटी फळीवर ठेवली आणि ती भेंडी तोडायला निघून गेली. मला क्लासवर शिकवायला जायला उशीर होत होता. मी वाटी उचलली आणि उभ्याउभ्याच शिरा खाल्ला. माय परत आली तेव्हा रिकामी वाटी हातात घेऊन थोडा वेळ उभी होती. मग तिने ती घासली.

म्हणजे तिने दिला नव्हता, मी घेतला होता. एवढ्याशा गोष्टीसाठी पान खराब करू नये, पण खोटं लिहिलेलं तसंच ठेवलं तर मला झोप लागत नाही.

९ जुलै हा माझा कागदावरचा वाढदिवस. खरी मी दिवाळीनंतरच्या थंडीतली. सहावीपासून हॉस्टेलवर राहिल्यामुळे ९ जुलैला मी घरी नसायचे, तेव्हापासून यंदा पहिल्यांदा होते. माय शिकलेली नाही. कागदावर असेल ते खरं, असं तिला वाटत असावं.

१४ जुलै, सोमवार

पत्र आलं. मुलींच्या निवासी शाळेत इंग्रजीची शिक्षिका म्हणून माझी निवड झाली आहे. २८ ऑगस्टला मूळ कागद घेऊन बोलावलं आहे. त्या दिवशी एका प्रतिज्ञापत्रावर सही करायची: वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे.

ती सत्य नाही. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण आजवर कुणी लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहिते.

माझं नाव पूनम. कागदावर मी चंचल आहे. चंचल माझी मोठी बहीण, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. २००६ साली ती आमच्या आदिलाबादकडच्या गावच्या मराठी शाळेत पहिलीत बसली आणि अडीच महिन्यांत तापाने गेली. तेव्हा शाळेत मुलं कमी होती. पट घसरला तर मराठी वर्ग बंद होईल, या भीतीने यशवंतराव गुरुजींनी तिचं नाव कमी केलं नाही. बाबांना सांगून मला तिच्या जागी बसवलं. मी चार वर्षांची होते. दहावीपर्यंत मी वर्गात सगळ्यांत बुटकी राहिले, ती यामुळे. पुढे आधार कार्ड, दहावी, डिग्री, बी.एड. सगळं त्याच नावाने झालं. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. किंवा दुसरी.

पूनम नावाची बाई कोणत्याही कागदावर नाही.

बाबा चार वर्षांपूर्वी गेले. आता हे सांगू शकतील अशी दोनच माणसं उरली, माय आणि गुरुजी.

२२ जुलै, मंगळवार

या वहीत मी पुढून शब्दांच्या जोड्या लिहिते आणि मागून हे. मावला गावच्या ज्या क्लासमध्ये मी इंग्रजी शिकवते, तिथे आठवी-नववीची मुलं आहेत, बहुतेक मराठी शाळांतून आलेली. त्यांना एकसारखे वाटणारे इंग्रजी शब्द मी रोज दोन-दोन देते. आज ‘लेंड’ आणि ‘बॉरो’. वस्तू तीच, हातही तेच दोन. देणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर लेंड, घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर बॉरो. पण दोन्हींत वस्तू परत करण्याचा करार असतो, तो विसरायचा नाही, असं सांगितलं.

कुलदीप नावाचा एक वाह्यात मुलगा आहे. तो उठून म्हणाला, “मॅडम, अन् ज्याची वस्तू हाय तो मरूनच गेला त मंग?”

सगळे हसले. मीही हसले. मग फळ्याकडे वळले आणि दोन्ही शब्द पुसून टाकले.

क्लासमध्ये गणित शिकवणारी नेहा माझी मैत्रीण आहे. तिला मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल. ती म्हणाली, “बस एवढंच? मले वाटलं लग्न-बिग्न केलं का काय चोरून.” मग समजुतीने म्हणाली की २८ ऑगस्टला गुपचूप सही कर, वर्षभराने हवं तर नाव बदलून घे, लग्नानंतर बाया बदलतातच. तिचं बोलणं बरोबर वाटतं. घरी पोचेपर्यंत वाटतं.

२८ जुलै, सोमवार

आदिलाबादच्या महसूल कार्यालयात जाऊन आले. एक वयस्क कारकून होते, चष्मा दोऱ्याने बांधलेला. मी विचारलं, नावाची दुरुस्ती कशी करतात? त्यांनी आधी विचारलं, स्पेलिंग का जन्मतारीख? मी म्हटलं, माणूसच दुसरं आहे.

त्यांनी पेन खाली ठेवलं. सगळं ऐकून घेतलं. मग हिंदीत म्हणाले की ही दुरुस्ती होत नाही, आधी मोठीच्या मृत्यूची नोंद झाली पाहिजे. उशिराची नोंद म्हणून दरखास्त, म्हणजे अर्ज द्यायचा, आईचा जबाब, गुरुजींचं पत्र, गावातले दोन पंच. त्यावर हुकूम निघाला की मग धाकटीचं बघायचं. मी लिहून घेतलं. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “लेकिन बेटा, वो छह साल की उमर में गुजर गई, तो दसवीं किसने पास की?”

त्यांनी तसं वाईट मनाने विचारलं नव्हतं. मी म्हटलं, मी. ते म्हणाले, कागदावर तू नाहीस. बोर्ड आणि विद्यापीठ ठरवेपर्यंत सगळी सर्टिफिकेटं अडकून पडतील, कदाचित वर्ष, कदाचित जास्त. नोकरी तेवढं थांबणार नाही. नीट विचार करून ये, असं म्हणून त्यांनी मला पाणी दिलं.

घरी यायला जैनथची बस लागलेली होती. कंडक्टरने कुणाला तरी “चंचल” म्हणून हाक मारली आणि मी मागे वळून पाहिलं. एक बाई आपल्या लहान मुलीला ओढत आणत होती. ती मुलगी रस्ताभर माझ्याकडे पाहत बसली.

३ ऑगस्ट, रविवार

मायला विचारलं. ती वांग्यांची पाटी भरत होती. मी सांगितलं की चंचलच्या मरणाचा जबाब द्यावा लागेल, तुझा अंगठा लागेल.

तिने वर पाहिलं नाही. म्हणाली, “काऊन? तुले काय कमी पडलं त्या नावात?”

मी म्हटलं, कमी नाही गं, पण ते माझं नाही. खोटी सही करून मुलींना शिकवायला उभी राहू का?

“उभीच हायेस की आता बी. पडली काय?”

मग तिने एक किडकं वांगं उचलून लांब फेकलं आणि म्हणाली, “मी नाई देत अंगठा. पुन्हा इचारू नको.”

मायने नकार दिला. मला वाटतं तिला पोलीस केसची भीती वाटते, आणि नोकरी जाईल याचीही. बाबा गेल्यापासून ती एकटीच भाजी पिकवते आणि विकते. माझ्या नोकरीकडे डोळे लावून बसली असणार. मी स्वार्थी आहे का? माझा खरेपणा मला मिळेल आणि त्याची झळ तिला.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज जैनथच्या बाजारात मायला मदत करायला गेले. मी पाण्याची बाटली भरून येत होते तेव्हा ती एका गिऱ्हाइकाशी बोलत होती. त्या बाईने विचारलं असावं, लेकरं किती. माय म्हणाली, “दोघी पोरी हायेत. मोठी शिकून राह्यली, आता मास्तरीण होते. लहानी माह्यासंगं असते, भाजी तोडू लागते.”

मी पोत्यांच्या आड थांबले. बाई गेल्यावर पुढे आले. माय नेहमीसारखी म्हणाली, “आली का पूने? त्या मेथीवर पाणी मार.”

कदाचित एक मुलगी सांगितली की लोक मुलगा नाही म्हणून हळहळतात, म्हणून ती दोन सांगत असेल. तसंच असेल. पण दिवसभर मला वाटत होतं की आमच्यासोबत तिसरं कुणीतरी पोत्यावर बसलं आहे, आणि माय ऊन लागू नये म्हणून छत्री थोडी तिकडे सरकवते आहे. छत्री खरंच तिकडे होती. माझा डावा खांदा भाजला.

मला आठवतं, दहावीचा निकाल लागला तेव्हा मी धावत घरी आले होते. मायने मला पाणी दिलं आणि विचारलं, “पास झाली काय चंचल?” शेजारच्या पोरीची चौकशी करावी तशी. तेव्हा मला तो चेष्टेचा प्रकार वाटला होता. मी म्हटलं होतं, हो, फर्स्ट क्लास. ती आत जाऊन रडली होती. आनंदाने, असं मी तेव्हाच्या वहीत लिहिलं आहे.

११ ऑगस्ट, सोमवार

क्लासमध्ये ‘अलोन’ आणि ‘लोनली’ ही जोडी घेतली. अलोन म्हणजे सोबत कुणी नसणं, लोनली म्हणजे नसलेलं जाणवणं. मुलांनी विचारलं, भोवती माणसं असताना लोनली राहता येतं का? येतं, असं सांगितलं. मग अलोन असूनही लोनली नाही, असं? तेही होतं. उदाहरण म्हणून मला मायच सुचली, दुपारी वावरात एकटी असते आणि बोलत असते. मी ते उदाहरण दिलं नाही.

मधल्या सुट्टीत कोऱ्या कागदावर सही करून पाहिली. चंचल अशी सही न बघता होते, ‘ल’ची शेपटी खाली ओढून. पूनम लिहायला गेले तर हात थांबला. तेवीस वर्षांची झाले आणि स्वतःची सही नाही. जी नाही तिच्याकडे सही आहे, आणि जी आहे तिच्याकडे नाही. आम्हा दोघींत भूत कोण, हे बाहेरच्या माणसाला विचारलं तर तो कुणाकडे बोट दाखवेल?

१७ ऑगस्ट, रविवार

गुरुजींकडे गेले होते. आता ते आदिलाबादला मुलाकडे असतात. ऐंशीच्या आसपास आहेत, ऐकू कमी येतं, पण मला पाहताच म्हणाले, “ये चंचल.” मग स्वतःच थबकले.

मी सांगितलं की पत्र हवं आहे, आणि त्यांना त्रास होणार नाही अशा शब्दांत लिहू. पट टिकवण्यासाठी तेव्हा सगळीकडेच असं करत असत, हेही म्हटलं. त्यांनी कानाजवळ हात नेला. मला पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं. त्यांची सून दारात येऊन उभी राहिली.

“पटासाठी?” ते म्हणाले. “तुला हे कोणी सांगितलं?”

कोणी सांगितलं ते मला आठवेना. कदाचित कुणीच नाही. मीच जोडलं असेन.

गुरुजींनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. चंचल गेल्याचं त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. तिच्या नावावर रेघ मारायची म्हणून त्यांनी हजेरीपट काढून ठेवला होता, पण चौदा दिवस त्यांचा हात झाला नाही. चौदाव्या दिवशी सकाळी माय आली. बोटाला धरून मला आणलं होतं. माझ्या अंगावर चंचलचा फ्रॉक, घोट्यापर्यंत येणारा. बाबा मागे कुंपणाशी उभे होते, आत आले नाहीत. मायने मला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं, चंचलच्या जागी, आणि गुरुजींना म्हणाली, “आली हो गुरुजी चंचल. बरं नव्हतं तिले.”

गुरुजी म्हणाले, “मी तुझ्या बाबांकडे पाहिलं. त्यांनी हात जोडले. मग मी हजेरी घेतली. चंचल म्हणून पुकारलं. तू काहीच बोलली नाहीस, तू तर बाळ होतीस. तुझ्या मायने दारातून उत्तर दिलं, हाजिर.”

त्या चौदा दिवसांचे रकाने त्यांनी नंतर भरून टाकले. चंचल एकही दिवस गैरहजर नाही.

पत्र देतो म्हणाले. आता त्यांना फार लिहवत नाही, म्हणून मजकूर मी लिहिला आणि सही त्यांनी केली. निघताना म्हणाले, “मी गुन्हा केला असेन. पण त्या दिवशी तिला ‘तुझी पोरगी मेली’ म्हणणं मला जमलं नसतं. कोणाला जमलं असतं?”

१८ ऑगस्ट, सोमवार

दोन दुरुस्त्या.

१४ जुलैच्या नोंदीत मी लिहिलं की गुरुजींनी पटासाठी मला बसवलं. ते चूक आहे. अकारण एका चांगल्या माणसावर मी आळ घेतला.

३ ऑगस्टच्या नोंदीत लिहिलं की मायने नकार दिला. तेही बरोबर नाही. ‘रिफ्यूज’ आणि ‘डिनाय’ ही जोडी मी मुलांना शिकवते. करणार नाही, देणार नाही म्हणणं ते रिफ्यूज. झालंच नाही म्हणणं ते डिनाय. दोन्हींना आपण नकार म्हणतो, म्हणून मुलं चुकतात. मी स्वतः चुकले. माय एकोणीस वर्षं जे नाकारत आली, तो अंगठा नव्हता.

आणि फळीवरची वाटी माझ्यासाठी नव्हती. हे मी १२ जुलैलाच दुरुस्त केलं होतं, पण अर्धंच.

२० ऑगस्ट, बुधवार

नेहाला सांगितलं. ती या वेळी चेष्टा करत नव्हती. म्हणाली, “मंग त आणखीच सोडून दे. मायसाठी सोड. तिची पोरगी जित्ती हाय कागदावर, राहू दे ना. तुये काय जाते?”

दिवसभर याचाच विचार केला. कागदावर चंचल शाळेत गेली, दहावी झाली, डिग्री झाली, आता नोकरीला लागणार. मायने एक पोर पेनगंगेकाठी पुरली आणि तीच पोर शिकवून मोठी केली. मी जाऊन दरखास्त दिली की ती पुन्हा सहा वर्षांची होईल आणि मरेल. या वेळी मारणारा ताप नसेल.

पण सही केली तर मी जन्मभर हजेरी देत राहीन. माझं लग्न तिचं होईल, माझी मुलं तिची. आणि मी मेले की कागदावर तीच मरेल. पूनम जन्मलीही नाही, मेलीही नाही. मला याची भीती वाटते. मी हे कुणाला बोलून दाखवलेलं नाही, कारण जिवंत बहिणीने मेलेल्या बहिणीवर जळावं हे लाजिरवाणं आहे.

नेहा आधी म्हणाली तसं २८ नंतर केलं तर? आजवरची ‘मिस्टेक’ होती, चार वर्षांच्या पोरीला काय कळतं. २८ तारखेला कळून सही केली की ती ‘फॉल्ट’ होईल, माझी स्वतःची.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. गावात बैल सजले, तोरणाखाली गर्दी होती. माय पाहायला गेली नाही. दर पोळ्याला तिचं डोकं दुखतं. आज पहिल्यांदा मी तिला गोळी हवी का असं विचारलं नाही. शेजारी बसून राहिले.

२३ ऑगस्ट, शनिवार

लहान पोरं लाकडी बैल घेऊन दारोदारी फिरत होती. एक पोरगी आमच्या दाराशी थांबली. मायने तिच्या बैलाला कुंकू लावलं आणि हातावर गूळ ठेवला. ती गेल्यावरही माय उंबऱ्यातच बसली होती.

मी अंगठ्याबद्दल बोलले नाही. जे आजवर कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं. चंचल कशी होती?

मायने गुळाचा हात पदराला पुसला. मला वाटलं उठून जाईल.

“लई बोले,” ती म्हणाली. “तुयासारखी घुमी नव्हती. शिरा तिले लई आवडे. तुले त आवडत बी नाई, खाते उगंच.”

हे खरं आहे. मला शिरा आवडत नाही.

मग ती थांबली नाही. शाळेत घालायच्या आधी बासरला नेलं होतं, सरस्वतीपुढे पाटी धरली, पुजाऱ्याने चंचलचा हात धरून अक्षर काढून घेतलं. येताना गाडीत तिने ती पाटी कुणाला हात लावू दिली नाही. आमच्यात कोणी शिकेल तर हीच, असं बाबा म्हणाले होते. मग पोळ्याला ताप चढला. माय म्हणाली, “दुसऱ्या दिवशी पोट्टे बैल घेऊन आले दारात. तिले पाहायचं होतं. मी उचलून आणलं इथं, या उंबऱ्यात. बैल गेले अन् ती बी गेली. आजचाच दिवस.”

दरखास्तीत मृत्यूची तारीख असा रकाना आहे. तो मी कोरा ठेवला होता. माय आजवर पोळ्याला डोकेदुखी सांगत आली, त्याचा दुसरा दिवस दिसू नये म्हणून.

मी म्हटलं, माय, मी नाही जात ऑफिसात. राहू दे.

तिने माझ्याकडे पाहिलं, असं तिने फार वर्षांत पाहिलं नव्हतं. “तू शाळेत जाय तवा मले वाटे, दोघी बी जाऊन राह्यल्या,” ती म्हणाली. “तुले एकटीले मी कधी धाडलंच नाई. लहान होती तू. ते दप्तर तुया ढुंगणाले लागे.”

ती हसली आणि मग रडली. आत जाऊन पेटी उघडली. सगळ्यांत खाली फडक्यात पाटी होती. अक्षर पुसट झालं होतं, काय होतं ते आता सांगता येत नाही. तिने पाटी माझ्यापुढे ठेवली.

“अंगठा नाई देत मी,” ती म्हणाली. “तिच्या मरणावर अंगठा काऊन देऊ, जनावरावर डाग देते तसा. तिचं नाव मले लिवू दे. शिकव.”

मी म्हटलं, जबाबाखाली तुझं नाव लागेल, तिचं नाही.

“माहं बी शिकव मंग. पण पयलं तिचं.”

पुसट अक्षराला मी हात लावला नाही. पाटी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला काढून दाखवलं. मायचा हात धरला. हात खरखरीत होता, भेंडीच्या लवेने सोललेला. ती म्हणाली, च दोनदा येतो. मी म्हटलं, हो, एकावर टिंब आहे. संध्याकाळपर्यंत तिने सतरा वेळा लिहिलं. शेवटचं माझ्या मदतीशिवाय. ‘ल’ची शेपटी तिने खाली ओढली, मी ओढते तशी. मी तिला तसं शिकवलं नव्हतं.

मग फळीवरची वाटी काढून तिने स्वतः शिरा केला, तुळशीचं पान ठेवलं, वाटी फळीवर ठेवली. मला वेगळं काही करू का म्हणून विचारलं. मी थालीपीठ म्हटलं.

सगळे कागद पिशवीत भरले आहेत: गुरुजींचं पत्र, दोन पंचांची नावं, दरखास्त. त्या वर्षीच्या पोळ्याचा दुसरा दिवस कोणत्या तारखेला आला ते शोधून कोरा रकाना मी भरला, २४ ऑगस्ट २००६. खाली अर्जदाराच्या जागी पूनम अशी सही अजून केलेली नाही, ती तिथेच करीन, कारकुनांसमोर. २८ तारखेलाही जाईन, जे आहे ते सांगीन. नोकरी बहुधा जाईल. उद्या रविवार आहे, ऑफिस बंद. उद्या माय स्वतःचं नाव शिकणार.

रात्री अंगणात असताना मी हाक ऐकली, “पूने, चंचले, या जेवाले.” मी आत गेले. मायने दोन ताटं वाढली होती, माझं आणि तिचं. दोनच. ती म्हणाली, तू नसताना अशीच हाक मारायची, जिभेला सवय आहे, सुटायला वेळ लागेल. मी म्हटलं, सोमवारपर्यंत म्हण.

ऑफिस उघडतं सोमवार, २५ ऑगस्ट, सकाळी साडेदहाला.